जॉर्ज फर्नांडिस: दहा पाट्या आणि दोन वळणे

२०२२ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला. त्या दिवसांपुरती इस्रायली पासपोर्टवाल्यांनाही तेथे जाण्याची मुभा मिळाली आणि बेन गुरियनहून दोहाला थेट विमान सुटले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. आमचा भाचा दोन मित्रांबरोबर गेला होता. तो जन्मला येथेच, लोदला. त्याची मराठी म्हणजे आजीच्या मांडीवर बसून शिकलेली मराठी. टॅक्सीत बसून तो आईला फोनवर म्हणाला, "जेवलो गं, काळजी करू नको." तोच पुढच्या ड्रायव्हरने मान वळवून विचारले, "गाव कोणतं?"

आम्ही रोहेकर आणि आमचे मेव्हणे अष्टमकर, म्हणजे कुंडलिका नदीच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे. भाच्याने ही दोन नावे सांगताच ड्रायव्हर खूष झाला. तो माणगावकडचा कोकणी मुसलमान, पंधरा वर्षे कतारात. त्याची आजी शनवार तेल्यांची आठवण काढीत असे म्हणे. पाळी संपल्यावर त्याने या पोरांना आपल्या खोलीवर नेले. ही खोली दोहाच्या फरीज बिन ओमरान या वस्तीत. फरीज म्हणजे तिकडच्या बोलीत मोहल्ला. खोलीत कोकणातले सहाजण एकत्र राहतात. सुरमईचे कालवण आणि भात असे जेवण झाले आणि गप्पा निघाल्या त्या महाराष्ट्राच्या राजकारणावर. त्याच वर्षी जून महिन्यात शिवसेना फुटून सरकार पडले होते. कोण कोणाबरोबर गेला आणि उद्या कोठे असेल, यावर सहाही जणांची सहा मते होती. शेवटी त्यांच्यातला एक वडीलधारा म्हणाला, "आम्ही राहतो तिथे बरं आहे. इथे पक्षच नाही, मग बदलायचा कुठून?"

ते खरेच आहे. कतारमध्ये राजकीय पक्ष नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरात तेथे शूरा नावाच्या सल्लागार मंडळाच्या ४५ पैकी ३० जागांसाठी पहिल्याने मतदान झाले, तेही पक्षांवाचून, ज्याने त्याने आपापल्या नावावर. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वमत घेऊन ती निवडणूकही बंद झाली.

पण आमच्या भाच्याने घरी येऊन सांगितले ते दुसरेच वाक्य. पक्ष बदलणाऱ्यांना सर्वांनी यथेच्छ शिव्या घातल्यावर ड्रायव्हर म्हणाला होता, "एक जॉर्ज सोडून. आमच्या गावावरून रेल्वे नेली त्याने. त्याला सात पक्ष माफ."

भाच्याने विचारले, "मामा, हा जॉर्ज कोण?"

आम्ही बेरशेबात पस्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला आणि आमच्याच घरातल्या मुलाला जॉर्ज फर्नांडिस ठाऊक नाही, याची आम्हांस थोडी शरम वाटली. म्हणून हा लेख. मात्र ड्रायव्हरचा हिशोब आम्ही तसाच मान्य करणार नाही. सात माफ करायचे तर ते कोणते सात, हे पाहिले पाहिजे.

जॉर्ज यांचा जन्म ३ जून १९३० रोजी मंगळूरला, ख्रिस्ती कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. घरच्यांनी पाद्री व्हावा म्हणून सोळाव्या वर्षी बंगळूरच्या सेमिनरीत घातले. तेथे वरच्या धर्मगुरूंचे जेवण निराळे आणि शिकणाऱ्या पोरांचे निराळे, हे पाहून त्यांचे मन उडाले, असे ते पुढे सांगत. १९४९ साली ते मुंबईला आले. चौपाटीच्या बाकांवर झोपले, वर्तमानपत्रात मुद्रिते तपासण्याचे काम केले आणि गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली युनियनचे काम शिकले. ज्या रस्त्याला आपण फ्रिअर रोड म्हणत होतो त्याला आज पी. डिमेलो रोड म्हणतात, ते हेच डिमेलो. राजकारणात जॉर्ज यांचे गुरू राममनोहर लोहिया. मुंबईत राहून मराठी असे शिकले की गोदीतल्या घाटावरच्या हमालाला आणि कोकणातल्या खलाशाला ते आपलेच वाटत. एरवीही त्यांना दहाएक भाषा येत.

आमच्या पिढीला त्यांची ओळख झाली ती "बंद सम्राट" म्हणून. टॅक्सी, बेस्ट, महापालिकेचे सफाई कामगार, हॉटेलातली पोरे या सर्वांच्या युनियन त्यांच्या हाती होत्या. त्यांनी सांगितले की मुंबई थांबे. आम्ही माझगावला सर एली कदूरी शाळेत शिकत होतो. "उद्या जॉर्जचा बंद" असे कानावर आले की आम्हां मुलांना शाळा नाही याचा आनंद आणि वडिलांना कामावर पायी जावे लागणार याचा संताप. १९६१ साली ते महापालिकेत निवडून आले. १९६८ साली त्यांनी मुंबईच्या कामगारांसाठी एक सहकारी बँकही काढली, कारण मोठ्या बँकांत टॅक्सीवाल्याला कोणी कर्ज देत नसे.

१९६७ च्या निवडणुकीचे दिवस आम्हांला अगदी कालच्यासारखे आठवतात. आम्ही मॅट्रिकला होतो, मत नव्हते, पण गिरगावातल्या सभा ऐकायला चाळीतली पोरे मिळून जात असू. दक्षिण मुंबईत उभे होते स. का. पाटील, मुंबई काँग्रेसचे अनभिषिक्त राजे. मुंबई महाराष्ट्राला देण्यास त्यांनी केलेला विरोध मराठी माणूस विसरला नव्हता. त्यांना देवही पाडू शकणार नाही अशी त्यांच्या माणसांची घमेंड. जॉर्जच्या कार्यकर्त्यांनी ती उलटवून, देव नाही पण तुम्ही मतदार पाडू शकता, अशा अर्थाची पत्रके भिंतीभिंतीला चिकटविली. आणि पाटील पडले! ३६ वर्षांचा युनियनवाला संयुक्त समाजवादी पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत गेला. एक गंमत अशी की पाटील त्या वेळी देशाचे रेल्वेमंत्री होते. जॉर्जच्या आयुष्यात रेल्वे शिरली ती येथून.

आता त्यांच्या पक्षांची यादी. आम्ही ती कागदावर मांडून पाहिली. समाजवादी, संयुक्त समाजवादी, पुन्हा समाजवादी, जनता, जनता (सेक्युलर), पुन्हा जनता, जनता दल, समता, जनता दल (युनायटेड) आणि शेवटी अपक्ष. एकूण दहा पाट्या. पहिल्यांदा वाचणाऱ्यास वाटेल, हा माणूस आहे की एस.टी.ची बस?

पण यादी मोजून न्याय करू नये. भारतातला समाजवादी पक्ष हे एकत्र कुटुंब होते, आणि एकत्र कुटुंबाप्रमाणेच ते दर काही वर्षांनी वाटण्या करी आणि पुन्हा एका चुलीवर येई. १९३४ साली तो काँग्रेसच्या पोटात जन्मला, १९४८ साली बाहेर पडला, १९५२ साली आचार्य कृपलानींच्या पक्षाशी जुळून प्रजा समाजवादी झाला. १९५५ च्या अखेरीस लोहिया वेगळे निघाले. १९६४ साली एकी होऊन संयुक्त समाजवादी, १९६५ साली पुन्हा फूट, १९७१ साली पुन्हा एकी. आपल्याकडे इस्रायलमध्ये हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९५४ साली मापाममधून अहदुत हाअवोदा निघाली, १९६५ साली मापाईतून राफी निघाली आणि १९६८ साली बहुतेक मंडळी मजूर पक्षात परत एका ताटात जेवू लागली. आपल्यापैकी जे कोणी १९६०-६५ च्या सुमारास हिस्तद्रुतच्या कार्डासाठी रांगेत उभे राहिले, त्यांना ही सगळी अक्षरे पाठ आहेत. त्या काळी जो जागच्या जागी उभा राहिला त्याच्याही डोक्यावरची पाटी दोनतीनदा बदलली.

म्हणून दहा पाट्यांपैकी बहुतेक आम्ही हिशोबातून काढून टाकतो. एस. एम. जोशींच्याही पाट्या अशाच बदलल्या आणि त्यांना कोणी पक्षबदलू म्हटले नाही. १९७७ साली आणीबाणीनंतर सगळे विरोधी पक्ष जनता पक्षात विलीन झाले. तेव्हा जॉर्ज तेथे गेले यात नवल नाही, न गेले असते तर नवल.

उरतात दोन वळणे. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी १९७४ चा रेल्वे संप सांगितला पाहिजे, कारण त्यात आमच्या घरची एक गोष्ट आहे.

आपल्या समाजात रेल्वे म्हणजे घरची नोकरी. गार्ड, फिटर, स्टेशनमास्तर, कारकून, ज्याच्या घरात रेल्वेचा माणूस नाही असे बेने इस्रायल घर मुंबई-पुण्यात विरळाच. १९७१ ची निवडणूक हरल्यावर जॉर्ज रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे अध्यक्ष झाले. आठ तासांचा दिवस, बोनस, इतर सरकारी कारखान्यांच्या बरोबरीने पगार अशा मागण्या होत्या. इंजिनावरच्या माणसाला सलग किती तास काम करावे लागे हे रेल्वेवाल्यांच्या बायकांना विचारावे. ८ मे १९७४ ला संप सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगारांचा संप, जगात मोठ्यांपैकी एक. जॉर्ज यांना त्याआधीच २ मे रोजी लखनौला अटक झाली होती. हजारोंची धरपकड झाली, कुटुंबांना रेल्वेच्या चाळींतून बाहेर काढले, हजारो बडतर्फ झाले. वीस दिवसांनी, २७ मे रोजी, संप मागे घेण्यात आला. हाती काही पडले नव्हते.

आम्ही तेव्हा येथे येऊन चारच वर्षे झाली होती. आमचे धाकटे काका मुंबईत रेल्वेत गार्ड होते. ते संपात गेले नाहीत. त्यांचे इस्रायलचे कागद तयार होत होते, नोकरीचे पैसे हातात पडल्याशिवाय चार मुलांना घेऊन निघता येत नव्हते. संप मोडल्यावर कामगार परत आले तेव्हा ज्यांच्याबरोबर वीस वर्षे चहा घेतला ते त्यांच्या बाकावर बसेनासे झाले. १९७५ साली काका लोदला आले. ज्या माणसाच्या हाकेला ते गेले नव्हते त्याच माणसाचे ते येथे आल्यावर परम भक्त झाले. पुढे मुंबईहून आलेल्या एका मराठी अंकातला जॉर्जचा फोटो, बेड्या घातलेला हात वर केलेला, त्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटविला होता. तो फोटो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

तो फोटो आणीबाणीतला. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली तेव्हा जॉर्ज ओरिसात होते. तेथून ते कोळ्याच्या वेषात, मग दाढी-पगडी लावून शीख होऊन वर्षभर भूमिगत फिरले. पोलिसांनी त्यांचे भाऊ लॉरेन्स यांना पकडून अतोनात छळले. १० जून १९७६ रोजी जॉर्ज कलकत्त्यात सापडले. बडोदा डायनामाइट खटला त्यांच्यावर भरला गेला. मार्च १९७७ मध्ये तुरुंगातूनच त्यांनी बिहारमधल्या मुझफ्फरपूरची निवडणूक लढविली आणि मतदारसंघात पाऊलही न टाकता तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. तुरुंगातून ते मंत्रिमंडळात गेले. उद्योगमंत्री म्हणून कोकाकोला आणि आय.बी.एम. या कंपन्यांना त्यांनी भारताचे नियम पाळा नाहीतर जा असे बजावले. त्या गेल्या. जनता सरकारने संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना परत घेतले, ते रेल्वेमंत्री मधू दंडवते यांच्या काळात.

येथे आपल्या आवडीची एक गोष्ट. १९७७ च्या ऑगस्टमध्ये मोशे दायान गुप्तपणे भारतात जाऊन पंतप्रधान मोरारजी देसाईंना भेटले. त्या भेटीतून तेव्हा काही निघाले नाही. पण दायान तरी कोण? मापाई, राफी, मजूर पक्ष असे फिरून, त्याच वर्षी मजूर पक्षाच्या यादीवर कनेसेटमध्ये निवडून येऊन, बेगिनसाहेबांच्या सरकारात परराष्ट्रमंत्री झालेले गृहस्थ. येथल्या मजूरवाल्यांनी त्यांना काय काय म्हटले ते आम्ही हिब्रू शिकता शिकता ऐकले आहे. आणि पुढे त्याच दायानांच्या खटपटीने इजिप्तशी तह झाला. माणसाने कूस बदलली म्हणजे वाईटच केले, असे आम्ही म्हणत नाही.

आता पहिले वळण. जनता पक्षात जे जुने जनसंघाचे लोक होते त्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सदस्यत्व सोडावे की नाही, यावरून पक्ष धुमसत होता. दुहेरी सदस्यत्वाचा वाद म्हणतात तो हा. मधू लिमये आणि इतर समाजवाद्यांचे म्हणणे, सोडलेच पाहिजे. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी अविश्वासाचा ठराव आणला. १२ जुलैला जॉर्ज लोकसभेत उभे राहिले आणि त्यांनी आपल्या सरकारचा असा जोरदार बचाव केला की विरोधकही ऐकत राहिले. तीन दिवसांत तेच जॉर्ज राजीनामा देऊन चरणसिंगांच्या बाजूला गेले. १५ जुलैला मोरारजींचे सरकार कोसळले. दंडवते मात्र जनता पक्षातच राहिले.

जुन्या सोबत्यांनी रात्ररात्र मनधरणी केली, मैत्रीसाठी त्यांनी मान तुकविली, असे त्यांचे चाहते सांगतात. असेलही. तत्त्व खरे असेल तर ते १२ तारखेलाही खरे होते. ज्या भाषणाला टाळ्या मिळाल्या त्या भाषणावर तीन दिवसही न टिकणे, हे आमच्या मते पक्ष बदलण्याहून वाईट. त्या सरकारच्या पडण्याने जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाईच परत आल्या, हे निराळेच.

लोदला काकांनी ही बातमी वाचली आणि कपाटाच्या दारावरचा फोटो काढला. काकूंनी विचारले तर म्हणाले, "डिंक सुटला होता."

पक्ष सोडून जाणाऱ्याला भारतात आयाराम-गयाराम म्हणतात. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, त्यावरून. आपल्याकडे त्याला कलांतेरिझम म्हणतात. १९५६ साली यरुशलेमच्या नगरपालिकेत रहामिम कलांतेर या सभासदाने आपला गट सोडून महापौरांच्या बाजूला उडी मारली, तेव्हापासून हा शब्द हिब्रूत बसला. दोन देशांत दोन साधी माणसे, मोठे काही न करता भाषेत अमर झाली. दोन्ही देशांनी पुढे कायदे केले, भारताने १९८५ साली, आपण १९९१ साली. कायद्याने एकट्याने उडी मारणे बंद झाले. मग लोक घोळक्याने उड्या मारू लागले.

१९८० नंतरची जॉर्जची वर्षे पडतीची. १९८४ साली बंगळूरलाही ते हरले. त्यांचे दिवस फिरले ते १९८९ साली, विश्वनाथ प्रताप सिंगांच्या जनता दल सरकारात ते रेल्वेमंत्री झाले तेव्हा. ज्यांनी रेल्वेमंत्र्याला पाडले, ज्यांनी सारी रेल्वे थांबविली, ते रेल्वेभवनात जाऊन बसले. आणि अर्थमंत्री झाले मधू दंडवते, कोकणातल्या राजापूरचे पाच वेळांचे खासदार. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या वाटा फुटल्या होत्या ते हे दोन समाजवादी एका कामासाठी पुन्हा एकत्र बसले. ते काम म्हणजे कोकण रेल्वे.

आम्ही कोकणची माणसे भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून अलिबागला जात असू. जुलै १९४७ मध्ये रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली, तिच्यात सहाशेंवर माणसे गेली. ती आठवण आमच्या आईला इतकी होती की पावसाळ्यात ती गावाचे नाव काढू देत नसे. कोकणात रेल्वे येणार हे आमचे आजोबाही ऐकत होते. सरकारे म्हणत, डोंगर फार, नद्या फार, पैसा नाही. १९८६ पर्यंत रूळ रोह्यापर्यंत आले आणि तेथेच थांबले. जॉर्ज यांनी वेगळीच तोड काढली. रेल्वेच्या अंदाजपत्रकाची वाट न पाहता एक स्वतंत्र महामंडळ काढायचे, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चार राज्यांनी त्यात भांडवल घालायचे, उरलेले पैसे लोकांना रोखे विकून उभे करायचे. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि त्याची सूत्रे ई. श्रीधरन या इंजिनिअरकडे दिली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकार पडले, जॉर्जही गेले, पण महामंडळ उभे राहिले होते. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पुरा झाला. मंगळूरच्या पोराने मुंबईला येताना जो रस्ता नव्हता तो त्याने करून ठेवला. आणि त्याची सुरुवात कोठून, तर आमच्या रोह्यापासून. फरीज बिन ओमरानमधल्या त्या ड्रायव्हरची कृतज्ञता कोठून येते, हे आम्हांस चांगले समजते.

दुसरे वळण यानंतरचे. १९९४ साली जॉर्ज चौदा खासदारांना घेऊन जनता दलातून बाहेर पडले. बिहारात लालूप्रसाद यादवांशी पटत नव्हते. नितीशकुमारांबरोबर त्यांनी समता पक्ष काढला. येथवर ठीक. पण १९९६ साली समता पक्षाने भारतीय जनता पक्षाशी युती केली. ज्या संघाच्या प्रश्नावरून १९७९ साली सरकार पडले, त्याच परिवाराच्या पक्षाबरोबर सतरा वर्षांनी जॉर्ज एका व्यासपीठावर बसले, आणि नुसते बसले नाहीत, पुढे त्या आघाडीचे निमंत्रक झाले. २००२ साली गुजरातच्या दंगलींनंतर लोकसभेत त्यांनी सरकारची जी बाजू मांडली ती ऐकून त्यांचे जुने सोबती खजील झाले. १९७९ बरोबर असेल तर १९९६ चूक, आणि १९९६ बरोबर असेल तर १९७९ चूक. इतिहासाच्या पेपरात दोन्हीला पूर्ण गुण देता येत नाहीत.

आणि येथेच आपल्याला जपून बोलले पाहिजे. कारण या वळणाचा फायदा आपल्याला झाला. मार्च १९९८ मध्ये जॉर्ज वाजपेयींच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. अण्वस्त्रांना आयुष्यभर विरोध केलेला माणूस पोखरणच्या स्फोटांच्या वेळी त्या खात्यावर होता. १९९९ च्या कारगिल युद्धात इस्रायलने भारताला लढाईच्या सामानाची मदत केली, आणि तेव्हापासून दोन्ही देशांचे लष्करी संबंध घट्ट झाले. १९९२ च्या २९ जानेवारीला दोन्ही देशांनी राजदूत नेमण्याचे ठरविले होते, पण नाते जमले ते कारगिलच्या दिवसांत. बराक क्षेपणास्त्रांच्या खरेदीवरून पुढे २००६ साली जॉर्ज यांच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि सात वर्षांनी पुरावा नाही म्हणून ते प्रकरण मिटले. २००१ साली तहलका प्रकरणात त्यांनी राजीनामा दिला आणि सातच महिन्यांनी ते त्याच खुर्चीवर परतले. आपल्या मंडळाच्या बैठकींत त्या काळी जॉर्जच्या नावाने टाळ्या वाजत, आम्हीही वाजविल्या. पण आपल्या सोयीचे झाले म्हणून ते वळण सरळ होत नाही, हे आम्ही तेव्हा बोललो नाही. आज लिहून ठेवतो.

काय बदलले नाही तेही सांगावे. चुरगळलेला कुर्ता-पायजमा तो शेवटपर्यंत, स्वतःच्या हाताने धुतलेला. दिल्लीतल्या सरकारी बंगल्याचे फाटक त्यांनी काढून टाकले होते, येईल त्याने आत यावे म्हणून. संरक्षणमंत्री असताना सियाचीनच्या बर्फात ते कितीतरी वेळा गेले, जेथे आधीचे मंत्री फारसे फिरकत नसत.

शेवट दुःखाचा. २००३ साली समता पक्ष जनता दल (युनायटेड) मध्ये मिसळला. २००९ साली प्रकृतीचे कारण सांगून त्याच पक्षाने त्यांना तिकीट नाकारले. स्मृती जात चाललेला तो म्हातारा मुझफ्फरपूरला अपक्ष उभा राहिला आणि पडला. ज्यांनी १९७७ साली न पाहता तीन लाखांच्या फरकाने निवडून दिले, त्यांनी पाहून नाकारले. मग त्यांना राज्यसभेवर थोडे दिवस पाठविले गेले. आपण कोणत्या पक्षात आहोत हे त्या वेळी त्यांना आठवत होते की नाही, देव जाणे. २९ जानेवारी २०१९ रोजी, आपल्या दोन देशांच्या संबंधांच्या वाढदिवशीच, ते वारले.

काकांचे राहिले. १९९९ च्या हिवाळ्यात ते पंचवीस वर्षांनी गावी गेले. रोहा स्टेशनवर त्यांनी माणगावचे तिकीट काढले, गाडीत बसले, माणगावला उतरून चहा घेतला आणि पुढच्या गाडीने परत आले. माणगावला त्यांचे काही काम नव्हते. बरोबर गेलेल्या मुलाला त्यांनी एवढेच सांगितले की रूळ चांगले बसविले आहेत, गाडी हलत नाही. गार्डाचे बोलणे ते. पाच-सहा वर्षांनी ते गेल्यावर आम्ही त्यांचे कपाट आवरले. जॉर्जचा फोटो सापडला नाही. माणगावचे पुठ्ठ्याचे तिकीट मात्र पासपोर्टच्या कव्हरात होते.

भाच्याला हे सगळे सांगितले तेव्हा त्याने त्या तिकिटाचा मोबाइलवर फोटो काढून दोहाच्या ड्रायव्हरला पाठविला. संध्याकाळी त्याचे उत्तर आले. काकांना सलाम कळविला होता, आणि खाली लिहिले होते की आपल्या गावाला माणगाव नव्हे, पुढचे गोरेगाव रोड स्टेशन लागते, पुढच्या खेपेस तेथे उतरा.